एक्स्टर्नल एसएसडी कॉपी चालू असताना मधेच गायब होते, लग्नाचं फुटेज अडकलंय

शूटिंगवाला_पारोळा
राम राम मंडळी. लग्नाच्या शूटिंगचं काम करतो. १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान जातीची, पट्टीसारखी) एसएसडी आहे, ॲल्युमिनियमच्या केसमध्ये बसवलेली. लॅपटॉपवर विंडोज ११. किरकोळ फायली नीट जातात. हळदीचं अख्खं कार्ड टाकायला घेतलं की थोड्या वेळात तो 'टुडुंग' आवाज, आणि एसएसडी गायब! मग आपोआप परत येते, कधी ड्राइव्हचं अक्षर 'ई'चं 'एफ' होऊन. प्रीमिअरमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाइमलाइनभर लाल 'मीडिया ऑफलाइन'. वेगही सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर जात नाही. केसबरोबरची केबल कुठे गेली देव जाणे, घरातली दुसरी लावलीय. नवरीच्या बापाचे फोन चालू आहेत. दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का?

तापीकाठ
मारून टाका भाऊ. माझा पेन ड्राइव्ह तसाच सुधारला होता.

भुसावळ_जंक्शन
फॉरमॅटचं नावही काढू नका. फॉरमॅटने फाइल सिस्टीम नवी होते, तुटणारी जोडणी नाही.

तुमच्या पोस्टमधली कामाची गोष्ट म्हणजे तो ३५-४० चा आकडा. हा यूएसबी २.० चा वेग. ३.० च्या ५ गिगाबिटवर हीच डिस्क ४०० च्या आसपास पळायला हवी. म्हणजे केबल बहुतेक मोबाइल चार्जरची आहे. तिचं चौकोनी टोक उजेडात धरून आत बघा. पुढे चार पट्ट्या असतात, त्या सगळ्यांनाच असतात. ३.० च्या केबलला त्यांच्या मागे आणखी पाच बारीक टाचण्या दिसतात. निळ्या रंगावर जाऊ नका, रंग कोणीही लावतो.

वेग एकवेळ सोडा, खरी गोम करंटची. नियमाने २.० ला ५०० मिलिअँपिअर आणि ३.० ला ९००. एनव्हीएमई सलग लिहायला लागली की याहून जास्त ओढू शकते. त्यात तार बारीक. विहिरीवरच्या मोटारीला पातळ वायर लांबवर ओढली की ती नुसती घूं घूं करते, उचलत नाही, तसंच इथे व्होल्टेज पडतं. केसमधली चिप (डिस्क आणि यूएसबी जोडणारी) रीसेट होते आणि विंडोजला वाटतं कोणीतरी डिस्क उपटली. म्हणून किरकोळ फायली जातात, कार्ड जात नाही.

लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असेल तर तोच वापरा, तिथे सहसा करंट जास्त मिळतो. केबल आखूड घ्या, मधे हब नको.

तरीही पडली तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीमचे लॉग (नोंदी) उघडा. नुसता १५७ नंबरचा इव्हेंट (डिस्क अचानक निघाली) दिसला तर आधी केबल, पोर्ट, पॉवरवर संशय घ्या. त्याआधी 'यूएएसपीस्टोर'चे (यूएसबी डिस्कचा ड्रायव्हर) १२९ नंबरचे इव्हेंट ओळीने असतील तर चिप किंवा डिस्क उत्तर देत नव्हती. तेव्हा उष्णता बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, त्यात ती बंद डबी. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तापमान दिसतं. केस उघडून थर्मल पॅडवरचा (उष्णता केसकडे नेणारी मऊ पट्टी) प्लास्टिकचा पापुद्रा काढलाय का तेही बघा, बऱ्याच जणांचा तसाच राहतो.

धुळेकर_लिनक्स
वरचं सगळं बरोबर. काहीच कॉपी चालू नसताना, नुसती पडून असताना जात असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' (रिकाम्या यूएसबीला झोपवणारी सेटिंग) बंद करा. लिनक्सवर काही केस यूएएसशी (यूएसबी डिस्कची नवी, वेगवान पद्धत) भांडतात, त्यांना जुन्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरवर टाकावं लागतं. वेग थोडा कमी होतो, पण टिकतात.

शूटिंगवाला_पारोळा
भाऊ, काम व्हयनं! टोकात चारच पट्ट्या निघाल्या. जळगावला गोलाणी मार्केटमधून १० गिगाबिट लिहिलेली सी-टू-सी केबल आणली. वेग ४२० च्या आसपास, कार्ड एका दमात गेलं. तापमान मात्र ६८ दाखवतंय. कूलरसमोर ठेवली तर चालेल ना?

भुसावळ_जंक्शन
कूलर नको, पाणी उडतं. साधा टेबल फॅन पुरे. ६८ चालेल, पण पॅड बघाच.

आणि एक. ती डिस्क एक्सफॅट फाइल सिस्टीमची असणार. त्यात जर्नल (बदलांची आधी ठेवलेली नोंद) नसतं, मधेच तुटली की अर्धवट फाइल पूर्ण साइझची दिसू शकते. आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवा. प्रत्येक क्लिप शेवटपर्यंत ओढून बघितल्याशिवाय कॅमेऱ्यातलं कार्ड पुसू नका.