मदत हवी आहे: ईजीएफआर टेस्ट केलीच पाहिजे काय? अर्जंट

निपाणीची_लेक: आईचा बायोप्सी रिपोर्ट आलाय, डॉक्टर म्हणतात ईजीएफआर केल्याशिवाय औषध ठरवता येत नाही, त्याला दोन आठवडे लागणार म्हणे. सीटी झालं, बायोप्सी झाली, पैसे पाण्यासारखे चाललेत. भाऊ म्हणतोय सरळ केमो सुरू करूया. नाही केली तर चालतंय काय? लवकर सांगा, उद्या सकाळी कळवायचंय.

खानापूर_रोड: ईजीएफआर म्हणजे किडनी किती काम करते ते. आमच्या बाबांचं 38 आलेलं. साध्या रक्तात कळतंय, दोन आठवडे कशाला? लॅब बदला. आणि मीठ कमी करा.

निपाणीची_लेक: किडनीचं काही नाही ओ. कॅन्सर आहे.

शहापूरची_मावशी: अगं पण कशाचा ते लिहिलंच नाहीस की. माझा ब्रेस्टचा होता, त्यात हर-टू नावाचं प्रथिन किती आहे ते बघतात. माझं 2+ म्हणजे धड हो ना नाही असं आलं म्हणून फिश नावाची जीनची टेस्ट सांगितली, तर सासूबाईंना वाटलं डॉक्टरांनी मासे खायला सांगितले, त्या माळकरी, दोन दिवस घरात अबोला! पॉझिटिव्ह निघालं, ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध घेतलं. आधी हार्टचा इको करून घे बाई.

निपाणीची_लेक: फुप्फुसाचा. प्रकार अडेनोकार्सिनोमा लिहिलाय. मला वाटलं ईजीएफआर म्हटल्यावर कळेल.

चिकोडीचे_अण्णा: निपाणी म्हटल्यावर तंबाखू आलाच. टेस्टबिस्ट सगळा धंदा आहे, आमच्याकडं एकजण झाडपाला देतोय.

निपाणीची_लेक: आई 18 वर्षं वखारीत होती, खरं बिडीला कधी हात लावला नाही.

टिळकवाडी_लॅबवाला: अण्णा, झाडपाला राहू दे. किडनीचा ईजीएफआर वेगळा, हा कॅन्सरच्या पेशीतला जीन. त्यातला बदल उलट न ओढणाऱ्यांतच जास्त सापडतोय, त्यातही बायकांत. ताई, शेतातल्या मोटरचा स्टार्टर बघितलाय न्हवं? पेशीवर ईजीएफआर नावाचा तसा स्टार्टर असतो, ग्रोथ फॅक्टर बाहेरून येऊन बटण दाबतो, मग आत रॅस, रॅफ अशा प्रथिनांतून एकाचा निरोप दुसऱ्याला जात जात पेशीच्या केंद्रापर्यंत पोचतो आणि पेशीची विभागणी होते. काम झालं की बंद. जीन बिघडला, बहुतेकदा एक्झॉन 19 ह्या जीनच्या भागातला तुकडा गळतो नाहीतर एक्झॉन 21 मध्ये एल858आर नावाचा बदल होतो, की बटण चिकटून बसतंय, दाबणारा नसला तरी मोटर चालूच. गेफिटिनिब, ओसिमर्टिनिब ह्या गोळ्या तेच बटण सोडवतात. बिघाड दुसरीकडं असेल तर गोळी वाया, म्हणून आधी टेस्ट. थांबण्यासारखी तब्येत नसेल तर केमो आधी सुरू करतातही, पण ते भावानं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं.

शहापूरची_मावशी: म्हणजे गोळीनं बरं होतंय?

टिळकवाडी_लॅबवाला: ट्यूमर दबतो. पण काही महिन्यांनी, वर्षांनी पळवाट काढतोय, गेफिटिनिबवर असताना टी790एम नावाचा नवा बदल होतो तसा. तेव्हा पुन्हा तपासावं लागतं.

खानापूर_रोड: खर्चाचं म्हणाल तर सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना लागू केलीय, बघा.

चिकोडीचे_अण्णा: कागदावर! आरोग्य कर्नाटकचं कार्ड काढा त्यापेक्षा.

खानापूर_रोड: तुम्हाला महाराष्ट्राचं काही चालतच नाही.

निपाणीची_लेक: भांडू नका ओ. टेस्ट करतोय. पहिल्या हॉस्पिटलनं बायोप्सीच्या काचा (स्लाइड) दिल्यात, त्या चालतील?

टिळकवाडी_लॅबवाला: रंगवलेल्या काचा नकोत, मेणाचा ब्लॉक मागा. बायोप्सीचा तुकडा त्यातच असतोय. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या.

निपाणीची_लेक: मिळाला! मुंबईला कुरियर केला तर उन्हानं मेण वितळतंय काय?

टिळकवाडी_लॅबवाला: एवढ्यातेवढ्यानं नाही, खरं गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. रिपोर्टची झेरॉक्स सोबत घाला.

खानापूर_रोड: किडनीचं क्रिएटिनिन पण करून घ्या.