मुंबईतल्या कॅफेंना गुण फक्त काळ्या कॉफीवर द्यावेत का?

गिरगावकर
वांद्र्यापासून फोर्टापर्यंत कुठल्याही कॅफेचे अभिप्राय उघडा. चार तारे, 'जागा मस्त', 'वायफाय जोरात', केकचे तीन फोटो. कॉफीबद्दल दीड वाक्य सापडलं तर नशीब. म्हणून प्रस्ताव: गुण द्यायचे ते एस्प्रेसो (दाबाच्या गरम पाण्याने काढलेली घट्ट कॉफी) आणि पोअर ओव्हर (पुडीवर हळूहळू पाणी ओतून गाळलेली) या दोनच पेयांवर. दूध, साखर, सिरप बाद. खुर्च्या आणि एसीला शून्य गुण.

दुधाखाली सगळं झाकलं जातं. एस्प्रेसोचं साधारण माप १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. १५ सेकंदांत धो धो उतरली तर आंबट आणि पाणचट. ४५ सेकंद गळत राहिली तर कडू, जिभेला कोरड आणणारी. काउंटरपाशी उभं राहून हे मोबाइलच्या घड्याळावर मोजता येतं. पूड वजन करून घेतात की अंदाजपंचे, तेही दिसतं.

शिवाय एकाच ठिकाणी दोनदा जायचं: सकाळी उघडल्या उघडल्या आणि शनिवारी संध्याकाळच्या गर्दीत. जुलैतली दमट हवा, सतत उघडणारं दार, तापलेला ग्राइंडर यांमुळे सकाळी जुळवलेला ग्राइंड (पुडीचा जाडबारीकपणा) संध्याकाळी चालेलच असं नाही. मधूनमधून शॉट (एका वेळचा एस्प्रेसो) चाखून ग्राइंड हलवणारा बरिस्ता (कॉफी करणारा) असेल, तर दोन्ही वेळेची कॉफी सारखी लागते. गुण त्याला.

माटुंगा_पूर्व
साफ असहमत. या तक्त्यात आख्ख्या माटुंग्याला भोपळा मिळणार! कॅफे मद्रास १९४० पासून फिल्टर कॉफी पाजतंय, ते काय कॉफीवाले नव्हेत?

आणि दुधात सगळं झाकलं जातं म्हणता, पण उलट दुधातच कारागिरी उघडी पडते. वाफेवर दूध ६० ते ६५ अंशांपर्यंत न्यायचं. सत्तरी ओलांडली की गोडवा जातो, उकळल्याचा वास येतो. हवा पहिल्या काही सेकंदांतच भरायची, मग नुसतं फिरवायचं. उशिरा भरली तर साबणासारखे मोठे बुडबुडे. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये ३. तोच शॉट दोन्हींत वेगळा लागतो. गिऱ्हाईक जे पितं त्यावर गुण नकोत?

फिल्टर कॉफी तपासायची रीतही ठरलेली आहे. डिकॉक्शन (फिल्टरमधून उतरलेला दाट अर्क) कधी काढलं ते विचारा. सकाळचं डिकॉक्शन दुपारी चारला थेट आचेवर पुन्हा तापवलेलं असेल तर ते करपट लागतं. त्याच पुडीवर दुसऱ्यांदा पाणी ओतून काढलेलं मिसळलं असेल तर रंग असतो, दम नसतो. आणि कॉफीत चिकोरी (एका भाजलेल्या मुळाची पूड) किती मिसळली ते विचारा: ८०:२० की ६०:४०? चिकोरीत कॅफिन नसतं, पण रंग आणि दाटपणा भरपूर. त्यामुळे हलकी कॉफीही 'कडक' दिसते. मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी असा नियम आहे आणि पाकिटावर प्रमाण छापावं लागतं. मायसोर कन्सर्न्ससारख्या दुकानात पीबी आणि प्लांटेशन ए (कॉफीच्या बियांच्या दोन प्रती) हव्या त्या प्रमाणात दळून घेता येतात. तुमचे रोस्टर (कॉफी भाजून विकणारे) आता 'कस्टम ब्लेंड' म्हणून मिरवतात ते हेच.

गिरगावकर
डिकॉक्शनचा मुद्दा मान्य, फिल्टर कॉफीला वेगळा तक्ता करा. पण फिल्टर कॉफी आणि कॅपुचिनो एका ओळीत बसवू नका. दुधाचे गुण दूध तापवणाऱ्याचे. बीन कसं आहे ते त्यातून कळत नाही.

खारदांडा
दोघेही कॅफेवर अडलात. रोस्टरला कॅफेत बसून गुण देणंच चूक आहे. तिथे मशीन, पाणी, बरिस्ता सगळंच मध्ये येतं. ब्लू टोकाई, सबको, केसी (म्हणजे पूर्वीचे कोइनोनिया) यांची पाकिटं घरी आणा आणि कपिंग (पूड थेट कपात भिजवून चमच्याने चाखणं) करा. ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, १५० मिली पाणी, ९३ अंश. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा, दहाव्या मिनिटापासून चाखायला लागायचं आणि पार गार होईपर्यंत चाखत राहायचं. गरम असताना सगळ्याच कॉफ्या बऱ्या लागतात. खोट गार झाल्यावर कळते. कपांच्या बुडाला नावं चिकटवा आणि कपांच्या जागा दुसऱ्या कुणाला बदलायला सांगा, नाहीतर सुंदर पाकिटाला आपोआप अर्धा गुण जास्त जातो.

तुलना करायची तर एकाच इस्टेटचा माल दोन रोस्टरांकडून घ्या. समजा रत्नागिरी इस्टेट (कोकणातलं नव्हे, बाबाबुडनगिरीतलं). प्रोसेस मात्र सारखी हवी. वॉश्ड (गर धुऊन वाळवलेलं) विरुद्ध नॅचरल (फळासकट वाळवलेलं) लावलंत तर रोस्टरची नव्हे, प्रोसेसची तुलना होईल.

गिरगावकर
आणि रोस्टची तारीख आठवड्याच्या आतली हवी. नसेल तर तिथेच गुण कापा.

खारदांडा
हा गैरसमज आता पुरे. भाजल्यावर बीनमधून कार्बन डायऑक्साइड बरेच दिवस निघत राहतो. दोन दिवसांच्या बीनचा एस्प्रेसो काढा: क्रीमा (वरचा फेस) भरमसाट, शॉट वेडावाकडा, चव तिखट-आंबट. लाइट रोस्टला दोन आठवडे विसावा मिळाला तर उत्तम, डार्कला पाच-सात दिवस पुरतात. 'कालच भाजलंय' हे एस्प्रेसोसाठी कौतुक नव्हे. गुण कापायचे तर तारीखच न छापणाऱ्याचे कापा. 'बेस्ट बिफोर बारा महिने' एवढ्यावरून काय कळणार?

पवईकर
तिघांनी पाणी विसरून गुण वाटले. आपल्याकडे भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुळात मृदू. त्यावर कॅफेवाला आरओ लावतो आणि उरलेसुरले क्षारही जातात. कॉफीसाठी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला मिलिग्रॅममध्ये) १५० च्या आसपास धरतात, ७५ ते २५० चालतं. ते २०-३० वर आलं की आम्लाला तोलणारं काही उरत नाही. कॉफी आंबट आणि पोकळ लागते. लोक म्हणतात रोस्टच कच्चा. घरच्या कपिंगमध्ये हीच गफलत होते, खारदांडा. उलट टँकर किंवा बोअरचं पाणी जड: चव मंद आणि बॉयलरमध्ये क्षारांचा थर.

काही शे रुपयांचा टीडीएस मीटर मिळतो. तो पूर्ण खरं सांगत नाही, कारण कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट वेगळे मोजत नाही. पण आरओने पाणी धुऊन काढलंय का, एवढं कळतं.

माटुंगा_पूर्व
म्हणजे एस्प्रेसोला गुण द्यायला मीटर, काटा, घड्याळ आणि दोन फेऱ्या. मी अजूनही म्हणतो, कॅपुचिनो मागवा. साखर न घालता शेवटच्या घोटापर्यंत पिता आला तर शॉट बरा होता.

पवईकर
फुल क्रीम दुधात पिता आला तर दूध बरं होतं. टोन्डमध्ये पिऊन सांगा.