शब्दचर्चा: ‘फॉल्स सिग्नल’ला मराठीत काय म्हणावं?

सिंहगड रस्ता
वहिनीची अंगठी शेताच्या बांधालगत पडली म्हणून मेटल डिटेक्टर भाड्याने आणलाय. जमीन डोणज्याकडची, सिंहगडाच्या पायथ्याची, मुरमाड. पावलापावलाला बीप, आणि खणलं की काळा दगड. मशीनची पुस्तिका इंग्रजीत आहे. भावासाठी तिचं दोन पानी मराठी करतोय, पण ‘फॉल्स सिग्नल’ आणि असा सिग्नल देणारा ‘हॉट रॉक’ या दोन ठिकाणी अडलो. ‘आभासी संकेत’, ‘तप्त खडक’ असं लिहिलं तर भाऊ ती पानं बंबात घालेल. काय लिहू?

कोथरूड
‘तप्त’ बादच, दगड गार असतो. ‘आभासी’ही नको. भास म्हणजे काही नसताना जाणवणं, आणि तुमच्या दगडात लोह खरंच आहे. आपला काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात टायटॅनियम मिसळलेल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. चांगलं जोरकस चुंबक दोऱ्याला टांगून दगडाजवळ न्या, ओढ दिसेल. लाव्हा थिजताना याच कणांनी पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा धरून ठेवली, आणि ती मोजून भारत दक्षिणेकडून वर सरकत आल्याचा पुरावा मिळाला. अशा साक्षीदाराला ‘खोटा’ कसं म्हणायचं?

सदाशिव पेठ
मग ‘हूल’? खो-खोत देतात ती.

कोथरूड
हूल मुद्दाम देतात, दगडाच्या मनात काही नसतं. ‘आवई’ही सुचली होती, पण आवई माणसं उठवतात. माझं मत ‘चकवा’ला. चकवा वाटेला लागत नाही, वाटसरूला लागतो. इथेही दगड आपल्या जागी बरोबर आहे, चुकतो तो आपला अंदाज.

शिवाय ‘हॉट’पणा दगडाच्या अंगचा नाहीच. मशीनच्या तळाच्या तबकडीतल्या कॉइलच्या चुंबकक्षेत्राने धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, म्हणून धातूचं उत्तर किंचित उशिरा येतं. मॅग्नेटाइटचं जवळजवळ लगेच येतं. मशीन या उशिरावरून माती आणि धातू वेगळे करतं, आणि ग्राउंड बॅलन्स करताना त्या जागेच्या मातीचं उत्तर वजा करून टाकतं. मातीशी जुळणारा दगड गप्प बसतो, न जुळणारा वाजतो. म्हणजे तोच दगड एका वावरात मुका आणि दुसऱ्यात बोंबलणारा.

हडपसर
शब्द मिळेल हो, आधी अंगठी शोधा. जिथे काही वाजत नाही अशा जागी कॉइल वर-खाली करत ग्राउंड बॅलन्स करा, आणि मुरूम संपून माती लागली की पुन्हा करा. सेन्सिटिव्हिटी उतरवा. छोटी कॉइल मिळाली तर तीच लावा, तिला एका वेळी कमी जमीन दिसते. सिग्नल आला की काटकोनात फिरून त्याच जागेवरून परत न्या. अंगठी दोन्हीकडून एकाच ठिकाणी वाजते आणि मशीनच्या पडद्यावरचा नंबर फारसा हलत नाही. दगडाचा नंबर उड्या मारतो, आवाज पसरट येतो, आणि कॉइल चार बोटं उचलली की बऱ्याचदा गुल.

फॉइल, म्हणजे चंदेरी कागदाचा कचरा, वगळायचं सेटिंग मात्र लावू नका. बारीक सोन्याची अंगठी त्याच नंबरांच्या आसपास येते, कचऱ्याबरोबर तीही गाळली जाईल. विटांचे तुकडे, कौलं, जुन्या शेकोटीची जागा हेही वाजतं, कारण भाजल्यावर मातीतलं लोह जास्त चुंबकीय होतं. नुसता काळा दगडच चकवतो असं समजू नका.

आणि शोधता शोधता गडाकडे सरकू नका. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. शेतातही जुनं नाण्यांचं गाडगं लागलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यासाठी किमतीची मर्यादा अजून १० रुपयांचीच आहे!

सदाशिव पेठ
१० रुपयांत आमच्याकडे वडापावही येत नाही. असो. ‘पसरट आवाज’ लिहिलंत, त्यावरून सुचलं: ‘बद्द’! नाणं खणखणीत वाजतं नाहीतर बद्द. पाथरवटही दगड ठोकून हेच ऐकतात, बद्द वाजला तर आत तडा.

कोथरूड
हा झकास. पण बद्द म्हणजे नाण्यात किंवा दगडात खोट. इथे दगडात खोट नाही म्हणूनच तर ‘खोटा’ टाळला. आवाजासाठी घ्या, दगडासाठी नको.

सिंहगड रस्ता
मग असं लिहितो: ‘सिग्नल बद्द वाजला तर चकवा दगड समजावा, काटकोनात फिरून तपासावा.’ आणि ग्राउंड बॅलन्सला ‘जमीन जुळवणे’ चालेल? पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने ‘भूसंतुलन’ लिहून ठेवलंय.

हडपसर
‘जमीन जुळवून घ्या’ असं लिहा, भावाला कळेल. भूसंतुलन वाचून तो तलाठ्याकडे जाईल.