इजिप्तचं गाइडबुक: भिंत वाचायला शिकवणारं हवं की तिकिटाची खिडकी दाखवणारं?

नकाशेबाज

इजिप्तवरच्या गाइडबुकांच्या ढोबळ दोन जाती. एक, हॉटेलं-बोटी-टॅक्सी यांनी फुगलेली. तिच्यात कर्नाकच्या मंदिराला दीड पान. दुसरीत कर्नाकच चाळीस पानं खातं आणि लक्सरहून अस्वान गाठायचं कसं, याचा पत्ता नसतो. माझं मत सरळ आहे: दुसरी घ्या. पहिलीतलं सगळं फोनवर मिळतं आणि छापून होईतो शिळंही होतं.

परीक्षा दुकानात उभ्या उभ्या करता येते. कर्नाकच्या मोठ्या स्तंभमंडपाचं पान काढा. "134 खांब, मधले 12 सुमारे 21 मीटर उंच" एवढ्यावर आटोपलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. त्या पानावर हे हवं: पश्चिमेच्या दारातून आत आल्यावर डावीकडे, म्हणजे उत्तरेला, राजा सेती पहिला याची उठावाची शिल्पं आहेत. आकृतीभोवतीचा दगड तासून आकृती वर आणलेली. उजवीकडे त्याचा मुलगा रामसेस दुसरा, आणि त्याची बहुतेक शिल्पं खोदीव. बाह्यरेषाच दगडात आत मारलेली, भोवतालचा दगड तसाच. पहिल्याला वेळ लागतो, दुसरं झटपट उरकतं. हे ठाऊक असलेला माणूस मंडपाच्या मधोमध उभा राहून मान दोन्हीकडे वळवतो आणि बापाचं काम कुठे संपलं ते त्याला दिसतं. ठाऊक नसलेला खांब मोजतो.

तिकीटघर

सपशेल असहमत. भिंत वाचायला आधी भिंतीपर्यंत पोचावं लागतं.

लक्सरजवळच्या राजांच्या खोऱ्यात साठाहून जास्त थडगी आहेत. नेहमीच्या तिकिटात त्यांतली तीनच पाहता येतात. तुतनखामुन, सेती पहिला आणि रामसेस पाचवा-सहावा यांची तिकिटं वेगळी. उघडी थडगीही आलटूनपालटून बदलतात. म्हणजे निवड दारातच करायची आणि ती फिरवता येत नाही. इथे विद्वान पुस्तकं काय करतात? क्रमांकवार सगळ्या थडग्यांची वर्णनं देतात, कुठलं कुणासाठी ते सांगत नाहीत.

थुतमोस तिसरा याचं थडगं घ्या. कड्यात उंचावर तोंड, लोखंडी जिना चढून जायचं, मग आत तितकंच खाली उतरायचं, तळाशी कोंदट उकाडा. दफनकक्ष लंबगोल, कार्टूशच्या आकाराचा. (कार्टूश म्हणजे राजाच्या नावाभोवतीचं कडं.) भिंतींवर भरगच्च रंग नाहीत, काड्यांच्या माणसांसारखी रेखाटनं आहेत, पपायरसची गुंडाळी उलगडून भिंतीवर लावल्यासारखी. जाणकाराला ही पर्वणी. रंग बघायला आलेला, गुडघे दुखणारा माणूस मात्र तीनातलं एक थडगं इथे वाया घालवतो. आणि तुतनखामुनचं? चारच खोल्या, त्यांतल्या एकीतच चित्रं. ममी तिथेच आहे, खजिना नाही. वेगळं तिकीट काढण्याआधी हे कळायला नको?

अजून एक. मेदिनेत हाबूचं मंदिर, देर अल-मदिना हे कारागिरांचं गाव आणि सरदारांची थडगी यांची तिकिटं त्या त्या दारात मिळत नाहीत. मेम्नॉनच्या पुतळ्यांपुढे खिडकी आहे, तिथे आधी काढावी लागतात. बऱ्याच खिडक्यांवर रोख चालत नाही, कार्ड लागतं. या दोन ओळी नसल्या तर सकाळचा चांगला तास हेलपाट्यात जातो, मग वाचा भिंत.

नकाशेबाज

थडग्यांच्या निवडीचं मान्य. पण निवड करायला लागतं तेही माझ्याच जातीच्या पुस्तकातलं ज्ञान! रामसेस तिसरा याच्या थडग्याचा आराखडा बघा. लांबलचक बोळ मध्येच बाजूला सरकतो आणि पुन्हा सरळ निघतो. कारागीर खोदत खोदत शेजारच्या आमेनमेसेच्या थडग्यात घुसले, म्हणून अक्ष सरकवावा लागला. आराखड्याशिवाय गेलं तर ते वळण पायाखालून निघून जातं. त्यामुळे माझी अट अशी: प्रत्येक मोठ्या जागेचा मापाचा आराखडा, खोल्यांना अक्षरं, उत्तरेचा बाण, आणि मजकुरात तीच अक्षरं. रंगीत फोटो नसले तरी चालतील. समोर खरं असताना फोटो काय कामाचा?

आळशी_उंट

"भिंत शिळी होत नाही" ही जुन्या आवृत्त्या गोळा करणाऱ्यांची आवडती समजूत. राजांच्या ममी एप्रिल 2021 मध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयातून मिरवणुकीने तिथल्याच फुस्तात भागातल्या नव्या संग्रहालयात गेल्या. 18 राजे, 4 राण्या. तुतनखामुनचा खजिना आता गिझाच्या नव्या भव्य संग्रहालयात, ज्याचं उद्घाटन नोव्हेंबर 2025 मध्ये झालं. म्हणजे 2019 चं पुस्तक दोन्हींसाठी चुकीच्या दारात नेऊन उभं करतं. आणि भिंतीसुद्धा हलतात! अबू सिंबेलचं डोंगरात कोरलेलं मंदिर अस्वानच्या धरणाच्या पाण्यातून वाचवायला 1964 ते 1968 मध्ये कापून सुमारे 65 मीटर वर आणि 200 मीटर मागे नेलं. फिले बेटावरचं मंदिर अख्खं शेजारच्या बेटावर गेलं. बेडेकर या जुन्या जर्मन गाइडबुकाच्या 1929 च्या आवृत्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी तिच्यातला अबू सिंबेलचा परिसर आज शोधून दाखवावा. पाण्याखाली आहे.

नकाशेबाज

परिसर पाण्याखाली आहे, खोल्यांचा क्रम तोच आहे. बेडेकरमधला आतला आराखडा आजही हातात धरून फिरता येतं. 2019 च्या पुस्तकातलं बसचं वेळापत्रक तुम्ही आज वापराल?

आळशी_उंट

वेळापत्रक नाही वापरणार. पण अंतर वापरीन. अस्वान ते अबू सिंबेल रस्त्याने तीन-साडेतीन तास, म्हणून पहाटे निघायचं आणि परतीसकट दिवसाचा मोठा भाग गेला असं धरायचं. हे शिळं होत नाही. टिकाऊ आणि नाशवंत अशी वाटणी करा, विद्वान आणि व्यवहारी अशी नको.

तिरपा_उजेड

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत: ऊन. बहुतेक पुस्तकं प्रत्येक जागेसाठी "सकाळी लवकर जा" लिहून मोकळी होतात. दिवसातून सकाळ एकदाच होते, जागा पाच.

मंदिराचं तोंड कुठे आहे त्यावर वेळ ठरते. राणी हत्शेप्सुतचं मंदिर उगवतीकडे बघतं, पाठीला कडा. दुपार कलली की समोरचा भाग सावलीत. तिथे सकाळच हवी. अबू सिंबेलचंही तेच, म्हणून तर 22 फेब्रुवारी आणि 22 ऑक्टोबरला उगवतं ऊन थेट गाभाऱ्यात पोचतं. कर्नाकचं पहिलं महाद्वार पश्चिमेला, ते दुपारनंतर उजळतं. लक्सर मंदिराचं उत्तरेला. एडफूचं दक्षिणेला.

बाहेरच्या भिंतींवर खोदीव शिल्प का असतं तेही यातच आहे. कडक उन्हात उथळ उठाव विरून जातो, खोदलेल्या रेषेत मात्र सावली साचते. ऊन तिरपं भिंतीला घासून जात असेल तेव्हा ही शिल्पं अंगावर येतात. भिंत पूर्ण सावलीत गेली की तीच सपाट दिसतात. उन्हाळ्यात लक्सरला पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे भर दुपार थडग्यांच्या बोळांत किंवा संग्रहालयात काढायची. आराखड्यावर बाणाशेजारी "10 पर्यंत", "3 नंतर" एवढं छापलं तरी पुरे. कुणी छापत नाही.

खुफूचा_शेजारी

नकाशेबाजांना पाठिंबा, एका भरीसह: शंभरेक चिन्हांचा तक्ता नको, सात-आठ राजांचे कार्टूश हवेत, शेजारी शेजारी. थुतमोस तिसरा: वर सूर्याची तबकडी, मध्ये सोंगट्यांचा पट, खाली भुंगा. वाचायचं मेन-खेपेर-रे. तुतनखामुन: सूर्य, भुंगा, भुंग्याखाली तीन रेघा, तळाला टोपली. नेब-खेपेरु-रे. पटाऐवजी टोपली आणि तीन रेघा, एवढाच फरक. पाच मिनिटांचं काम आहे. सूर्य सगळ्यांत वर असला तरी उच्चारात शेवटी येतो, कारण देवाचं नाव मानाने आधी लिहायचं.

तिकीटघर

सुट्टीवर आलेल्या माणसाला गृहपाठ?

खुफूचा_शेजारी

गृहपाठ नाही, घोटाळा टाळणं. एकाच राजाला एक पुस्तक खुफू म्हणतं, दुसरं ग्रीक वळणाने चेऑप्स. सेनुस्रेत तोच सेसोस्ट्रिस. सालांचंही तसंच: रामसेस दुसरा गादीवर आला ते बहुतेक जण इ.स.पू. 1279 धरतात, जुन्या पुस्तकांत 1290 किंवा 1304 सापडेल. सूचीत "चेऑप्स: खुफू पहा" अशी ओळ नसलेलं पुस्तक म्हणजे संपादकाने हात टेकले.

ओसरी

मराठीत कुणी असं पुस्तक लिहायला घेतलंच तर सभामंडप, गाभारा हे शब्द बेधडक वापरावेत. स्तंभमंडपाला "हायपोस्टाइल हॉल" लिहून वाचकाला काय कळणार?

तिरपा_उजेड

शब्द वापरा, पण एक इशारा आधी द्या. सभामंडप म्हटलं की लोक जमलेले डोळ्यांपुढे येतात. इथे सामान्य माणसाची मजल बहुधा अंगणापर्यंतच. त्यापुढे जमीन चढत जाते, छत उतरत येतं, उजेड कमी होत जातो, आणि गाभाऱ्यात फक्त पुरोहित. देव लोकांना भेटायचा तो सणाला, होडीच्या आकाराच्या पालखीत बसून, तोही झाकलेला. एडफूमध्ये हा चढ-उतार सर्वांत नीट अनुभवता येतो, कारण छत शाबूत आहे.

तिकीटघर

चला, दुकानातली माझी परीक्षा सांगतो, नकाशेबाजांना चालते का बघा. देंदेराच्या मंदिराचं पान काढा. छतावरच्या देवळीतलं गोल राशिचक्र "अवश्य पाहा" म्हणून दिलेलं असेल, तर तिथे आहे ती प्रतिकृती आहे हे लिहिलंय का? मूळ दगड 1821 मध्ये कापून फ्रान्सला नेला, आज तो लूव्रमध्ये आहे. आणि त्याच पानावर छताकडे जाणारा जिना कुठून निघतो ते आहे का?

नकाशेबाज

चालते. जिने दोन आहेत, एक वळत वर जातो, दुसरा सरळ. दोन्हींच्या भिंतींवर चढणाऱ्या-उतरणाऱ्या पुरोहितांची रांग कोरलेली आहे. तुमच्या पुस्तकात जिना असेल, रांग नसेल.