क्षमा म्हणजे विसरणे नव्हे

विश्वासघात करणाऱ्याला क्षमा करायची म्हणजे घडलेले विसरून जायचे, असे अनेकदा म्हटले जाते. ते मला शुभवर्तमानाशी, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राशी, जुळणारे वाटत नाही. येशूच्या अटकेच्या रात्री महायाजकाच्या (मुख्य धर्मगुरूच्या) वाड्यात, जिथे तो कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत होता, पेत्र या शिष्याने येशूशी आपला संबंध असल्याचे तीनदा नाकारले, आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या काठी येशू त्याला भेटला तोही तशाच कोळशांच्या विस्तवापाशी, ही योहानाने आपल्या शुभवर्तमानात टिपलेली खूण मला फार मोलाची वाटते. येशूने त्या नकाराचा उच्चार केला नाही, परंतु ‘माझ्यावर प्रेम करतोस का?’ हे तीनदा विचारले. पेत्र दुःखी झाला, आणि त्याच संभाषणात मेंढरे राखण्याची, म्हणजे येशूच्या अनुयायांना सांभाळण्याची, जबाबदारीही त्याच्यावर सोपवली गेली.

हे सोपे मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या ताब्यातील नेदरलँड्समध्ये, हार्लेम शहरातील कॉरी टेन बूम यांचे कुटुंब ज्यूंना आश्रय देत असल्याची खबर एका देशबांधवानेच दिली; फेब्रुवारी 1944 मध्ये अटक झाली, वृद्ध वडील काही दिवसांतच कैदेत वारले आणि बहीण बेट्सी राव्हेन्सब्रुकच्या नाझी छळछावणीत मरण पावली. पुढच्या वर्षी कॉरी यांनी त्या खबऱ्याला पत्र लिहून क्षमा केल्याचे कळवले, आणि वडील व बहीण कैदेत मरण पावल्याचेही त्याच पत्रात स्पष्ट शब्दांत लिहिले.