ऑफिसमध्ये येशूबद्दल कसं बोलायचं?

सिडकोकर: जय ख्रिस्त. अंबड एमआयडीसीत जॉबला आहे, डबा खाताना मैत्रिणी विचारतात तुमच्यात उपास का धरतात वगैरे, आणि मला येशूबद्दल मनापासून सांगायचंय पण त्यांना जबरदस्ती वाटायला नको, कसं करू?

शरणपूरवाला: ताई, त्या स्वतःहून विचारतायत ना, मग सांगा. बायबलमधलं १ पेत्र ३:१५ वाचा, विचारणाऱ्याला उत्तर द्यायची तयारी ठेवा पण सौम्यपणे. तुमचा स्वतःचा अनुभव सांगा, दोन मिनिटं बास. त्यांच्या देवाला नावं अजिबात ठेवायची नाहीत.

नाशिकरोडची आई: सहमत. कोणी आजारी असलं की मी डबा नेते आणि विचारते, प्रार्थना करू का? नको म्हटलं तरी डबा द्यायचाच.

सिडकोकर: नाताळच्या फराळाला बोलावू का?

शरणपूरवाला: बोलवा की! करंज्या खाताना येशूच्या गव्हाणीतल्या जन्माची गोष्ट आपोआप निघते.