जुन्या डिझेल पिकअपचं ऑईल प्रेशर गरम झाल्यावर पडतंय, इंजिन खोलण्याआधी सल्ला हवा

मंडळी, गाडी २००८ ची पिकअप. चार सिलिंडर, अडीच लिटर डिझेल, टर्बो नाही, सगळं मेकॅनिकल. नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेज उतरायचा आणि वाशी मार्केट गाठायचं, हे तिचं काम. किलोमीटरचा मीटर केव्हाच बंद पडलाय, तेव्हा किती चालली ते विचारू नका.

त्रास असा आहे. थंड गाडीला स्टार्टर मारला की ऑईलचा लाल दिवा लगेच विझतो. घाटात काही नाही, कल्याणपर्यंत काही नाही. शीळफाट्याच्या जॅममध्ये तापलेली गाडी आयडलिंगवर उभी राहिली की दिवा मिणमिणायला लागतो. थोडी रेस दिली की जातो, पाय काढला की परत येतो.

दिव्याच्या ऑईल प्रेशर स्विचची वायर काढली की दिवा विझतो, म्हणजे वायर कुठे बॉडीला घासत नाहीये. स्विच नवा टाकला, फरक शून्य. मग ओळखीच्या गॅरेजमधून काट्याचं प्रेशर गेज आणलं आणि स्विच काढून त्या भोकात बसवलं. थंड आयडलिंगला ३ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). गरम झाल्यावर आयडलिंगला अर्ध्या किलोच्याही खाली, काटा थरथरतो. गरम असताना साधारण २००० आरपीएमला दीड किलो. आरपीएम कानाचा अंदाज आहे, गाडीला ते मीटर नाही.

एक मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेली, हाफ इंजिन करा (म्हणजे इंजिन अर्धं खोलून दुरुस्त करा). दुसरा म्हणतो २०डब्ल्यू-५० हे जाडं ऑईल घाला आणि विसरून जा. सध्या १५डब्ल्यू-४० आहे, फिल्टर ऑईलबरोबरच बदललेला. इंजिनात ठोक्याचा आवाज नाही, धूर नेहमीसारखा. ऑईल तर अजिबात खात नाही. मध्ये टॉप-अपची वेळच आली नाही, ऑईल मोजायच्या पट्टीवर लेव्हल वरच्या खुणेच्याही थोडी वरच दिसते.

प्रश्न एवढाच: बेअरिंग, ऑईल पंप, की चेंबरमधली (इंजिनखालच्या ऑईलच्या टाकीतली) जाळी? चेंबर काढायला खालचा बीम आडवा येतो, म्हणून नुसतं बघायला खोलणंही सोपं नाही. सीझन चालू आहे.

प्रतिसाद:
गेज लावलंत हे फार बरं केलंत, निम्मे लोक दिव्यावरूनच इंजिन उतरवतात. रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) उघडा अडकला असता तर थंडीतही प्रेशर भरलं नसतं. तुमचं ३ किलो भरतंय, तेव्हा व्हॉल्व्हवर माझा संशय नाही. जाळी चोंदली असेल तर बहुतेक वेळा उलटा प्रकार दिसतो: आयडलिंगला बरं, आणि जोरात रेस धरून ठेवली की काटा खाली यायला लागतो. चेंबरला पॅकिंगऐवजी सिलिकॉन भरभरून लावलेल्या गाड्यांत हे हमखास बघितलंय, सुकलेले तुकडे सुटून जाळीवर जाऊन बसतात. तुमची लक्षणं ती नाहीत. थंडीत चांगलं आणि गरमीत कमी म्हणजे एक तर बेअरिंगची झीज, नाही तर ऑईलच पातळ.

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत, पण मूळ पोस्टमधलं ऑईल न खाण्याचं वाक्य कुणी वाचलं का? एवढं जुनं डिझेल इंजिन थेंबभर ऑईल खात नाही आणि लेव्हल खुणेच्या वर? भाऊ, ही खुशीची गोष्ट नाही. पट्टी काढून हुंगा. डिझेलचा वास आला तर उत्तर मिळालं: डिझेल ऑईलमध्ये उतरून ते पातळ करतंय. बोटांत चोळूनही कळतं, चिकटपणा राहत नाही.

डायफ्रामचा फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा, आत लवचिक पडदा असलेला) असेल तर पहिला तोच बघा. इंजिनवरून सोडवा, पाइप जोडलेलेच राहू द्या आणि लिव्हर हाताने मारा. इंजिनच्या बाजूने डिझेल झिरपलं की डायफ्राम फाटलाय. तिथे कोरडं असेल तर इंजेक्शन पंपाच्या शाफ्टचं सील, आणि ते पंपवाल्याचं काम.

तोवर माल भरू नका. डिझेल मिसळलेल्या ऑईलवर आज शाबूत असलेली बेअरिंगही खराब होतील. शिवाय लेव्हल फार चढली तर ऑईल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) इनटेकला, म्हणजे हवा आत घ्यायच्या वाटेला जातं आणि इंजिन त्याच्यावरच बेफाम रेस घेतं. मग चावी फिरवून बंद होत नाही. घाटात हे नको.

आणि २०डब्ल्यू-५० बद्दल: दिवा विझेल, डिझेल गळतच राहील.

धागालेखक:
सगळ्यांचे आभार. पट्टीला डिझेलचा वास स्पष्ट येत होता, रोज बघत असूनही कुणा मिस्त्रीने हुंगली नव्हती. फीड पंप सांगितल्याप्रमाणे तपासला, लिव्हर मारताच इंजिनच्या बाजूने डिझेल आलं. नवा पंप, नवं १५डब्ल्यू-४०, नवा फिल्टर. जुनं ऑईल सोडलं तर पाण्यासारखं वाहिलं.

आता गरम आयडलिंगला ०.९ किलो आणि २००० ला अडीचच्या आसपास. दिवा नाही. एवढं पुरेसं आहे का? हाफ इंजिनवाला मिस्त्री अजूनही म्हणतो की बेअरिंग बघाच.

प्रतिसाद:
मिस्त्री अगदीच चुकीचा नाही, घाई मात्र करतोय. गॅरेजचा ढोबळ हिशोब दर १००० आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ किलो, असा आहे. त्यात तुम्ही बसता. तरी तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडा बघून घ्या, अंतिम तोच.

बेअरिंगचं उत्तर चेंबर न खोलता मिळवायचं असेल तर काढलेला जुना फिल्टर फेकू नका. करवतीने डबा कापा, आतला कागद उलगडा आणि उन्हात धरून बघा. काळा गाळ असणारच, त्याची काळजी नको. चकाकणारा चुरा, त्यातही तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडलाय. मग बीम सोडवून चेंबर उतरवा आणि एक-दोन बिगेंडच्या (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) कॅप काढून बघा. कण नसतील तर सीझन काढा.

दोन गोष्टी अजून. आत्ता घातलेलं ऑईल नेहमीपेक्षा लवकर बदला, आत राहिलेलं डिझेल त्यात उतरतं. आणि गेज परत देऊन टाकू नका. टी-जॉइंट टाकून स्विच आणि गेज दोन्ही कायमचे बसवा, कारण बहुतेक दिवे अर्ध्या किलोच्या आसपास येईपर्यंत तोंड उघडत नाहीत. स्विचच्या आट्यांना टेफलॉन टेप गुंडाळू नका, त्याला अर्थिंग तिथूनच मिळतं.